भू-खात्यातला फितूर

शांतवन गेल्याची बातमी मोबाईलवर आली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा परत काहीतरी बनाव करतोय. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. त्याच्याच नंबरावरून गावाच्या ग्रुपवर सकाळी चार शब्द पडले होते : 'पप्पा आज पहाटे गेले.' दोनच महिन्यांपूर्वी त्यानं याच ग्रुपवर काळ्या चौकटीत एक निधनवार्ता टाकली होती. 'मनीमावशी यांचे दुःखद निधन. शोकसभा दूध डेअरीच्या पायरीवर', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात, 'ही बातमी शत्रुपक्षाने पसरवलेली असू शकते.' मनीमावशी म्हणजे त्याच्या कार्टूनमधली मांजर, हे निम्म्या गावाला माहीत होतं. उरलेल्या निम्म्यातल्या तीन बायका "कोन मावशी वारली?" म्हणून त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणून मी आधी चष्मा पुसला आणि ते चार शब्द पुन्हा वाचले. 'पहाटे' शुद्ध लिहिलं होतं. शांतवन जन्मभर 'पाहाटे' लिहीत आला. म्हणजे हे त्याच्या लेकीनं, मेरीनं लिहिलेलं, आणि बातमी खरी.

दफनविधीला देवळाली प्रवरातलं कोण आलं नव्हतं ते विचारा. ज्यांच्या वहीत त्यानं कधी मोर काढून दिला होता अशी टक्कल पडलेली माणसं आली होती. पाळकसाहेब वचन वाचत होते, मी मागे भिंतीला टेकून रडत होतो, आणि रडता रडता माझी नजर रूथवहिनींच्या तोंडावर होती. शांतवनची बायको म्हणून नव्हे. यांना काही ठाऊक आहे का, ते त्या तोंडावर दिसतंय का, म्हणून. मैतातसुद्धा माणूस असा टेहळणी करत उभा राहू शकतो, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नसता. पण अठरा वर्षं मी एकच प्रश्न घेऊन हिंडत होतो. शांतवनला माझ्याबद्दल काय माहीत होतं? त्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, एवढा तो सरळ होता. मीच विचारलं नाही, आणि आता तो पेटीत होता.

आम्ही एकाच हायस्कुलात नोकरीला लागलो. मी मराठीला, तो चित्रकलेला. पहिल्याच महिन्यात त्यानं शाळेच्या दर्शनी भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरात सुविचार रंगवला. अक्षर असं, की रस्त्यानं जाणारा टेम्पोवाला थांबून बघायचा. आणि मजकूर होता : 'शिक्षन हेच जिवन'. तीन शब्दांत दोन चुका, त्याही पिवळ्यावर निळ्या. मी तणतणत त्याच्यापाशी गेलो. तो शिडीवर उभा होता, तोंडात ब्रश. मी म्हटलं, "अहो, बाणाचा ण आहे तो. नळाचा न नव्हे." त्यानं ब्रश काढला आणि अगदी निरागसपणे विचारलं, "मंग आमी घरी काय पितो, पानी का पाणी?" मी म्हटलं, "तोंडानं काय प्यायचं ते प्या, भिंतीवर मात्र बाणाचा ण." तो शिडीवरून हसत हसत खाली आला आणि त्या दिवसापासून त्यानं लिहिलेला प्रत्येक कागद आधी माझ्याकडे येऊ लागला. चर्चच्या नाताळच्या कार्यक्रमाचा फलक, लेकीच्या बारशाचं आमंत्रण, संस्थेला पाठवायचा रजेचा अर्ज. "मास्तर, जरा न-ण बघ." मला तो मास्तरच म्हणायचा, आणि अरे-तुरे करायचा. इतर कुणी केलेलं मला चाललं नसतं.

माझा स्वभाव मुळात संशयी, हे मी आधीच कबूल करतो. दोन पोरांच्या निबंधात 'तथापि' हा शब्द आला, तर कुणी कुणाचा बघितला हे शोधल्याशिवाय मला जेवण जात नसे. शांतवन याच्या अगदी उलट. त्याच्या तासाला कोण कुठल्या वर्गाचं पोर येऊन बसलंय, हे तो बघत नसे. माझ्या व्याकरणाच्या तासाला पोटदुखी होणारी पोरं त्याच्या वर्गात रंगाच्या वाट्या धुताना सापडत. मी चिडलो की तो म्हणे, "पोट दुखतंय त्येंचं, खरंच दुखतंय. रंगानं थांबतं." मी हसायचो. पण आतून हसायचो का, याबद्दल मला आता शंका आहे.

पुढे तो अर्ज झाला. आमच्या जिल्ह्यात शाळा, साखर कारखाना, सोसायटी, कुठंही जा, निनावी अर्ज हा प्रकार सर्वांच्या ओळखीचा. समोर गोड बोलायचं आणि मागे 'एक जागरूक पालक' म्हणून कागद धाडायचा. असाच एक कागद शांतवनविरुद्ध संस्थेकडे गेला. शाळेच्या रंगातून लग्नाच्या पाट्या रंगवतात, पदाधिकाऱ्यांची जनावरांच्या रूपात चित्रं काढून विद्यार्थ्यांत हशा पिकवतात, असं त्यात होतं. पाट्यांचं खोटं होतं, रंग तो पदरचे वापरायचा. चित्रांचं खरं होतं. एका संचालकांना त्यानं फळ्यावर बोका केलं होतं, आणि बोका ओळखू येत होता. चौकशी झाली, त्याला अर्ज वाचायला दिला, आणि महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. देवळालीहून थेट काष्टीला. जिल्ह्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला. वहिनी इथं अंगणवाडीत नोकरीला, आई अंथरुणाला टेकलेली, मेरी शाळेत. सगळं इथं ठेवून तो एक ट्रंक आणि रंगांची पेटी घेऊन निघाला. चौकशीच्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या अंगणात बसला होता. मी विचारलं, अर्जात काय काय होतं. तो चहा ढवळत म्हणाला, "येक बी चूक न्हाई रे त्यात, मास्तर. येक बी न्हाई."

बस्, एवढंच. तेव्हापासून मी त्या वाक्याला चिकटून बसलोय. एकही चूक नाही म्हणजे काय? मजकुरात की न-णात? आमच्या शाळेत शिक्षक अठ्ठावीस, आणि दोन पानं बिनचूक मराठी लिहिणारा त्यात एकच, ही गोष्ट शिपायालाही माहीत होती. मी त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, तर तो बशीतला चहा फुंकत होता.

काष्टीत त्यानं सहा वर्षं काढली. बाजारतळाच्या कडेला वरच्या मजल्यावर एक खोली, खिडकी बाजाराकडे. मी दोन-तीनदा गेलो होतो, नगरला गाडी बदलून. खरं सांगायचं तर त्याला भेटायला कमी आणि तो मला कसा भेटतो ते बघायला जास्त गेलो होतो. तो नेहमीसारखाच भेटला. उलट त्याच्याकडे नवीनच खूळ सुरू झालं होतं. आठवडे बाजार उठला की तळावर कुत्र्यांचं आणि मांजरांचं राज्य यायचं, ते तो खिडकीतून तासन्‌तास बघायचा आणि वहीत उतरवायचा. "बघ बघ, त्यो लाल कुत्रा. मासळीवालीच्या फळीकडं बघत बी न्हाई. म्हंजी त्येची नजर तितंच हाय. आन ती मांजर बघ, त्येला वाटतंय झोपलीय. न्हाई, पहारा देतीय." त्याच्या मते या दोन जमातींचं शीतयुद्ध पांडवांच्या काळापासून चालू होतं आणि दोन्हींकडे हेरखाती होती, माणसाला फक्त वरवरचं भुंकणं तेवढं ऐकू यायचं. मी म्हटलं, तू एकटा राहून भ्रमिष्ट होशील. तो म्हणाला, "येकटा कुटं? येवढं मोट्टं खातं हाय."

त्याच सहा वर्षांत त्याची आई गेली. शेवटचे दोन दिवस ती सारखी दाराकडे बघत होती, "शांत्या आला का?" म्हणत होती. मी उशाशी बसलेलो. काष्टीच्या शाळेत निरोप दिला, पण मुख्याध्यापकांनी सुटी द्यायला दुपार केली, नगरला पुढची गाडी चुकली, आणि तो दारात पोचला तेव्हा आतून उपासनेचं गाणं ऐकू येत होतं. तो उंबऱ्यातच बसला.

निवृत्त होऊन परत आला तो त्या वह्यांचा गठ्ठा घेऊनच, आणि आल्या आल्या जाहीर केलं की आपण कार्टून काढायचं. आपण म्हणजे तो, वहिनी, मी आणि पुण्याला संगणकाचं काम करणारी मेरी, जी सुटीला आली की सगळं जोडून द्यायची. पद्धत साधी. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून त्याची कुत्री-मांजरं करायची, पायांच्या आणि जबड्याच्या सांध्यांना दोरा ओवायचा, मागे रंगवलेला बाजारतळ ठेवायचा, आणि पाय केसभर हलवून मोबाईलनं फोटो काढायचा. असे शेकडो. एका शेपटीला अख्खा दिवस जायचा, एका भागाला वर्ष. त्यातल्या मोत्यासाहेब नावाच्या कुत्र्याच्या पोटावर उजेडात तिरपं धरलं की 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वाचता यायचं.

मोत्यासाहेब म्हणजे कुत्र्यांच्या हेरखात्याचा प्रमुख. या खात्याचं नाव 'भू-खातं'. पहिला भाग ग्रुपवर गेला तेव्हा दोघा-तिघांनी सातबाऱ्याची चौकशी केली होती. विरुद्ध बाजूला मनीमावशीचं 'म्यांव मंडळ', कचेरी दूध डेअरीच्या पत्र्यावर. भांडण कशावरून, तर डेअरीच्या तिसऱ्या पायरीवरून, जिथं कॅन उतरवताना दूध सांडतं. भू-खातं ठरवतं की मांजराच्या गळ्यात चोरून ऐकणारा कान बसवलेली घंटा बांधायची, आणि मग खात्याची बैठक भरते की मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण. एक कुत्रा मांजराचा वेश घेऊन शत्रूच्या गोटात शिरतो, सगळं नीट चाललेलं असतं, तेवढ्यात मनीमावशी त्याला "शाब्बास" म्हणते आणि याची शेपटी हलते. पकडला जातो. एक मांजर कुत्रा बनून येते, ती ऐन सभेत पंजानं तोंड धुते. गाव हसून हसून लोळायचं. मोत्यासाहेबाचा आवाज माझा होता आणि मनीमावशीचा वहिनींचा. ध्वनिमुद्रण दुपारचं. शांतवनच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटातले कप्पे काढलेले, आत चारी बाजूंनी गोधड्या लावलेल्या, त्यात डोकं घालून बोलायचं. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावत रस्त्यानं आला की शांतवन हात वर करायचा, "थांब, ऊस जाऊ दे." कपाटात डोकं घालून एक निवृत्त मराठी शिक्षक ऊस जाण्याची वाट बघतोय... ते दिवस फार सुखाचे होते. मला वाटू लागलं होतं की त्याला काही माहीत नसावं.

मग खंड्या आला. सातव्या भागात शांतवननं टेबलावर एक नवीन कुत्रा ठेवला. हडकुळा, चष्मेवाला, कानावर लाल पेन. भू-खात्याचा आवक-जावक कारकून. मी विचारलं, हा कोण? तो म्हणाला, "खात्यातली खबर भाईर जातीय. फितूर कोन, त्ये शोदायचंय पुडच्या भागांत." आणि दोरा ओवू लागला. मी त्या लाल पेनाकडे बघत राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी माझी गत झाली. घरी आलो, जेवलो नाही. आरशात बघितलं तर चष्म्याची काडीसुद्धा तशीच. पुढच्या प्रत्येक भागात मी नुसता खंड्याकडे बघायचो. तो काही करायचा नाही. बैठकीत मागे बसायचा आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या गुप्त कागदांवर लाल खुणा करायचा. त्याला अजून एकही वाक्य नव्हतं. ग्रुपवर लोक पैजा लावत होते, फितूर कोण. कुणी डेअरीतल्या उंदराचं नाव घेई, कुणी मोत्यासाहेबाचं. खंड्याचं कुणीच नाही. मी शांतवनला हसत हसत विचारलं, "फितूर कोण ते मला तरी सांग." तो म्हणाला, "तू वळक की. तुजं तर डोकं तसलंच हाय." तसलंच म्हणजे कसलं? आमची ती शेवटची भेट. पाचव्या दिवशी पहाटे त्याच्या छातीत कळ आली.

आता ते सांगतो, जे त्याला सांगायला हवं होतं.

तो अर्ज मी लिहिला नव्हता. हे वाक्य अठरा वर्षं मी स्वतःला रोज ऐकवलंय आणि ते शुद्ध आहे. झालं असं, की एक दिवस ऑफ तासाला एक सहकारी, तेही आता हयात नाहीत, माझ्याकडे दोन पानं घेऊन आले. "एका पालकाचा कागद हाय सर, फार अशुद्ध हाय, तेवढं न-ण बघा." नावाच्या जागी टिंबं होती. मी लाल पेन काढलं. पहिल्या परिच्छेदात काही वाटलं नाही. दुसऱ्यात लग्नाच्या पाट्या आल्या आणि मला कळलं की ही टिंबं कुणाची. आमच्या शाळेत पाट्या रंगवणारा एकच होता. त्याच क्षणी कागद परत द्यायचा होता. पण माझं पेन थांबलं नाही. 'वैयक्तीक'चं 'वैयक्तिक' केलं, 'आनि'चं 'आणि' केलं, आणि शेवटी 'सरांची वागनुक चांगली नाही' असं पोरकट वाक्य होतं, ते खोडून वर लिहिलं : 'शिस्तीस बाधक'. व्रात्य पोरांच्या प्रगतिपुस्तकात मी हेच दोन शब्द लिहायचो. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं मी डोळे मिटून शुद्धलेखन केलं. का केलं? मत्सर होता. माझ्या तासाला ज्यांची पोटं दुखायची त्या पोरांचा राग होता. आणि अशुद्ध कागद हातात आल्यावर तो शुद्ध करायची खोड होती. या तिन्हीत कुठलं किती, ते मला आजही सांगता येत नाही. बदलीच्या हुकमात कारण म्हणून लिहिलेलं होतं : 'शिस्तीस बाधक'. माझे दोन शब्द, त्याच्या सेवापुस्तकात.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मेरीचा फोन आला. "काका, पप्पांची शेवटच्या भागाची वही सापडलीय. फोटो सगळे काढून ठेवलेत त्यांनी, फक्त आवाज राहिलेत. पुरा करू या का?" मी गेलो. मेरीनं वही माझ्यापुढे ठेवली. त्याचं ते सुंदर वळणदार, चुकांनी भरलेलं अक्षर. मोत्यासाहेब सगळ्यांना बोलावतो आणि विचारतो, शत्रूला ग्येलेला कागद कुनी लिवला? मग मागून खंड्या उठतो. त्याचं पहिलंच वाक्य :

'सायब, म्या लिवला न्हाई. म्या फकस्त सुद्द क्येला. आन दोन शब्द माजे घातले.'

पुढे कंसात, 'खंड्याचा आवाज – मास्तर.'

म्हणजे सगळं माहीत होतं. दोन शब्दांसकट. चौकशीच्या टेबलावर त्यानं ते वाचले होते, माझ्या प्रगतिपुस्तकांतले म्हणून ओळखले होते आणि त्याच संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन माझ्या घरचा चहा प्यायला होता. मी वहिनींकडे बघितलं. त्या दाराशी लसूण सोलत होत्या. मी वहीचं पान उलटलं. खंड्याच्या वाक्यानंतर 'मोत्यासाहेब –' एवढंच लिहिलं होतं, आणि पुढे कोरं.

पण फोटो कोरे नव्हते. शांतवनची एक रीत होती. आधी वाक्य ठरवायचं, बोटांवर अक्षरं मोजायची, आणि तेवढ्या वेळा कागदी जबडा उघडायचा. मेरीनं तो तुकडा लावला. खंड्या मान खाली घालून उभा, आणि समोर मोत्यासाहेब तोंड उघडतो. पाच वेळा. मेरी म्हणाली, "काका, पप्पांनी काय ठरवलं असेल?" मी दुपारभर तो तुकडा परत परत लावला. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता एका कागदी कुत्र्याचे ओठ वाचत बसलो होतो. पाच अक्षरं. 'तू चालता हो' बसतं. 'जाऊ दे मास्तर' म्हणून बघितलं, एक जबडा कमी पडतो. 'ये, बस, च्या घे' बसतं, अगदी नेमकं बसतं. 'आई वारली' हेही बसतं... मी कागदावर मांडून मांडून बघत होतो. शिक्षा बसायची आणि माफीही बसायची. मला हवं ते तो बोलला असता, कारण आवाज माझा होता. शेवटी मी वहिनींना हाक मारली. म्हटलं, "वहिनी, तुम्ही बघा. त्यानं तुम्हाला काही सांगितलं होतं का? हा काय बोलतोय?"

वहिनी आल्या. ओल्या हातानं पदर सावरत त्यांनी तो तुकडा एकदा बघितला. "काय बोलायचंय भावजी," त्या म्हणाल्या, "कुत्रं हाय त्ये. भुकतंय."

त्यांना खरंच तसं वाटलं, की त्यांना सांगायचं नव्हतं, हे मी ठरवू शकलो नाही. पण मेरीनं होकारार्थी मान हलवली आणि यंत्र सुरू केलं. मी कपाटात डोकं घातलं. आधी खंड्याचं वाक्य बोललो. शांतवननं लिहिलं होतं तसंच, सगळ्या चुकांसकट, एक न सुद्धा न बदलता. मग मोत्यासाहेबाचा आवाज काढून भुंकलो. पहिली दोन भुंकणी जमली. तिसरं, चौथं, पाचवं जे काही निघालं ते कुत्र्याचं नव्हतं. गोधड्यांत तोंड खुपसून मी तसाच उभा राहिलो. आतमध्ये अजून त्याच्या कागद चिकटवायच्या खळीचा आंबूस वास येत होता.

बाहेर आलो तेव्हा वहिनी लसणाची सुपली हातात घेऊन तिथंच उभ्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तो अर्ज मी तपासला होता. नाव नव्हतं, पण मला कळलं होतं. 'शिस्तीस बाधक' हे शब्द माझे."

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावत आला आणि गेला.

"त्ये तुमाला कवा काय बोलले का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला बी न्हाई. त्येंचं त्येंच्यासंगं गेलं. पन भावजी, आई दोन दिस दाराकडं बगत हुत्या, त्ये म्या बगितलंय. त्येची माफी माज्याजवळ न्हाई."

मी मान डोलावली. त्या वळून स्वयंपाकघरात गेल्या. मेरी कानावरची यंत्रं हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरलेला होता. "काका," ती हळूच म्हणाली, "मशीन चालूच राहिलं. तुमचं, मम्मीचं... सगळं आलंय यात. पुसून टाकू?"

मी काही बोलण्याआधी आतून वहिनींचा आवाज आला. "पुसू नगं. ठिव त्ये."

कशासाठी ठेवायचं, ते मी विचारलं नाही.